उत्तरायणाची वाट पाहणारे

सूर्याने धनु राशीत प्रवेश केला की आपल्याकडे धुंधुरमास सुरू होतो. पहाटेच्या थंडीत देवापुढे मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा आणि वांग्याचे भरीत यांचा नैवेद्य दाखवावा आणि सूर्योदयाच्या सुमारास सर्वांनी एका पंक्तीत प्रसाद घ्यावा, असा हा गोड कुलाचार आहे. नाताळची सुट्टीही नेमकी याच महिन्यात येते. मुलांच्या शाळा बंद असतात, नोकरदारांना उरलेली रजा घेता येते आणि मुंबई-पुण्याकडची लेकरेबाळे एसटीने, आगगाडीने गावाकडे निघतात. ज्या घरात एरवी दोनच पाने वाढली जातात, तेथे दहा-बारा पानांची पंगत बसते.

याच दिवसांत भगवान सूर्यनारायणही परतीच्या वाटेला लागतात. प्रत्यक्ष आकाशात 21 किंवा 22 डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेचे टोक गाठून उत्तरेकडे वळतो. पंचांगातील मकरसंक्रमण मात्र आता 14 किंवा 15 जानेवारीस येते. अयनचलनामुळे सुमारे 72 वर्षांत एक दिवस या मानाने हे अंतर पडत गेले आहे. गावी जाण्याचा हा काळ असा दोन उत्तरायणांच्या मधला. आणि उत्तरायण म्हटले की, महाभारत ऐकलेल्या प्रत्येकाला शरपंजरी पडलेल्या भीष्माचार्यांचे स्मरण होते.

युद्धाच्या दहाव्या दिवशी पितामह पडले. पिता शंतनूने दिलेल्या वराने मरण त्यांच्या इच्छेच्या अधीन होते. दक्षिणायनात देह ठेवायचा नाही, असा त्यांचा निश्चय होता. सूर्य वळण्याची वाट पाहत ते त्या बाणांच्या शय्येवर पडून राहिले. देह सोडण्याच्या वेळी 58 रात्री लोटल्याचे ते स्वतःच सांगतात.

युद्ध संपले, युधिष्ठिर सिंहासनावर बसला. तेव्हा श्रीकृष्णांनी त्याला पितामहांकडे जाण्यास सुचविले. हा सूर्य मावळला की त्याच्याबरोबर ज्ञानही लोपेल, तेव्हा जाऊन जे विचारायचे ते विचारून घे, असा त्या सांगण्याचा भाव होता. धर्मराज गेला खरा, पण त्याचे मस्तक लज्जेने खाली झुकले होते. ज्या आजोबांच्या मांडीवर खेळलो, त्यांच्या देहात आपल्याच पक्षाचे बाण रुतलेले. तोंड कसे दाखवावे? भीष्मांनीच त्याला धीर दिला, निःशंक होऊन विचार म्हणून सांगितले. मग त्याने चरणांना स्पर्श केला आणि प्रश्नांचा प्रवाह सुरू झाला. महाभारतातील सर्वांत विस्तृत असे शांतिपर्व आणि त्यापुढील अनुशासनपर्व यांतील फार मोठा भाग या संवादातूनच उभा राहिला.

आपल्या घराघरांत नित्य म्हटले जाणारे विष्णुसहस्रनाम हे या संवादाचेच फळ आहे. एकच दैवत कोणते, परम आश्रय कोणता, कोणाच्या स्तवनाने आणि कोणाच्या पूजनाने कल्याण होते, सर्व धर्मांत श्रेष्ठ धर्म कोणता आणि कशाच्या जपाने प्राणी मुक्त होतो, असे सहा प्रश्न युधिष्ठिराने विचारले. त्यांचे उत्तर म्हणून भगवंताची सहस्र नामे पितामहांच्या मुखातून प्रकटली. नातवाने विचारले नसते, तर आजोबांनी सांगितले असते काय? जाणता पुरुष विचारल्यावाचून सहसा बोलत नाही.

आज गावोगावी असे पितामह आणि अशा पितामही उत्तरायणाची वाट पाहत आहेत. त्यांचे उत्तरायण म्हणजे मुलांचे घरी येणे. 1998 साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली, घाटांतील रस्ते रुंदावले, प्रवास थोडक्या वेळाचा झाला. पण त्याबरोबर मुक्कामही आखडत गेला. एक रात्र वस्तीला राहतो त्याला शास्त्रकारांनी अतिथी म्हटले आहे. दोन रात्रींसाठी येणारा मुलगा त्या व्याख्येच्या कितीसा पुढे गेला? तो येतो, फोटो काढतो, जवळपासची देवळे पाहतो आणि निघतो. आजीच्या मनात साठलेले सारे तिच्याजवळच राहते.

या सुट्टीत गावी जाणाऱ्यांनी प्रश्न घेऊन जावे. आपली कुलदेवता कोणती, तिचा नैवेद्य कसा, कोणत्या नवसामुळे घरात अमुक व्रत आले, आजीच्या जात्यावरच्या ओव्या कोणत्या, पणजोबांची श्राद्धतिथी कोणती, दुष्काळात आपल्याला धान्य देणारे घर कोणते, हे एका वहीत लिहून घ्यावे. ज्यांची पाऊले जमिनीच्या वाटणीवरून किंवा जुन्या बोलाचालीवरून उंबऱ्याशी अडतात, त्यांनी धर्मराजाचे स्मरण करावे. बाणांनी विंधलेला देह मध्ये असतानाही ज्या नात्यात बोलणे होऊ शकले, त्या मानाने आपला बांधावरचा तंटा केवढा?

आणि ज्यांच्या घरचे वडीलधारे आता उरले नाहीत, त्यांनीही गावी जावे. भीष्मांना संतती नव्हती. म्हणून माघ शुद्ध अष्टमीला, भीष्माष्टमीला, सामान्य जनही त्यांचे तर्पण करतात. आपल्या आळीतही निपुत्रिक काकू असतात, एकटे राहणारे जुने गुरुजी असतात, शेती सांभाळत मागे राहिलेला बालमित्र असतो. त्यांच्या ओसरीवर घटकाभर बसणे हाही त्याच धर्माचा भाग आहे.

संवाद संपला तेव्हा भीष्मांनी युधिष्ठिराला नगरात परत जाण्याची अनुज्ञा दिली आणि सूर्य वळताच पुन्हा येण्यास सांगितले. हस्तिनापुरात तो 50 रात्री राहिला. राज्य नवे, कामे असंख्य. तरी सूर्य वळल्याचे पाहताच घृत, पुष्पमाला, चंदन आणि सर्व आप्तजन बरोबर घेऊन तो कुरुक्षेत्री पोहोचला. पितामहांनी डोळे उघडून पाहिले, तेव्हा नातू समोर होता. गावाहून परतताना पिशवीत तिळाचे लाडू भरून देणारी आई काही मागत नाही. तिला पुढच्या येण्याची तिथी सांगून निघावे, आणि ती पाळावी.