गुन्हेगारीशास्त्र व फौजदारी न्याय (पदवी शिक्षण)

गुन्हेगारीशास्त्र व फौजदारी न्याय ही सामाजिक शास्त्रांच्या कक्षेतील एक ज्ञानशाखा असून भारतात ती पदवी व पदव्युत्तर स्तरांवर शिकवली जाते. गुन्हा कशाला म्हणावे, तो का घडतो, समाज व शासनसंस्था त्यावर कोणती कारवाई करतात आणि त्या कारवाईचा आरोपी, पीडित व समाज यांच्यावर काय परिणाम होतो, हे या शाखेचे मुख्य प्रश्न होत. या शास्त्राला मराठीत ‘गुन्हेशास्त्र’ असेही म्हणतात. हा अभ्यासक्रम म्हणजे पोलीस भरतीची पूर्वतयारी, अशी समजूत अनेकदा आढळते. प्रत्यक्षात पोलीस प्रशिक्षण, कायद्याचे शिक्षण आणि न्यायसहायक विज्ञान यांच्याशी त्याचा निकट संबंध असला, तरी त्याचे स्वरूप या तिन्हींहून वेगळे आहे.

व्याप्ती

या विषयाचे स्थूलमानाने चार भाग पडतात. पहिला भाग गुन्ह्याच्या कारणमीमांसेचा असून त्याला समाजशास्त्र, मानसशास्त्र व अर्थशास्त्र यांचा आधार लागतो. दुसरा भाग दंडशास्त्राचा, म्हणजे शिक्षेचे हेतू, तुरुंग, परिवीक्षा व पुनर्वसन यांचा. तिसरा पीडितशास्त्राचा, गुन्ह्याची झळ बसलेल्या व्यक्तीचे हक्क, नुकसानभरपाई व तिला न्यायप्रक्रियेत मिळणारे स्थान यांचा विचार त्यात होतो. चौथा भाग पोलीस, अभियोग, न्यायालय व कारागृह या संस्थांच्या कार्यपद्धतीचा आहे. यांखेरीज संशोधनपद्धती, संख्याशास्त्र आणि न्यायसहायक विज्ञानाचा परिचय हे विषयही बहुतेक अभ्यासक्रमांत असतात.

न्यायसहायक विज्ञान रक्त, विष, हस्ताक्षर, बोटांचे ठसे वा संगणकातील नोंदी यांची प्रयोगशाळेत तपासणी करते. त्यासाठी विज्ञान शाखेची पार्श्वभूमी आवश्यक असते. गुन्हेगारीशास्त्राचे क्षेत्र मात्र वस्ती, कुटुंब, पोलीस ठाणे, न्यायालय व तुरुंग हे आहे. दोन्ही शाखांची नावे पुष्कळदा जोडीने घेतली जात असल्याने प्रवेश घेताना विद्यार्थ्यांची गल्लत होण्याचा संभव असतो.

शास्त्राचा उगम

इटालियन विचारवंत चेझारे बेकारिया यांनी १७६४ साली गुन्हे व शिक्षा यांवरील आपल्या निबंधात छळ व देहदंड यांना विरोध केला आणि शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणात असावी, असे प्रतिपादन केले. चेझारे लोंब्रोसो यांनी १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, काही माणसे जन्मतःच गुन्हेगारी प्रवृत्तीची असतात व ती शरीरलक्षणांवरून ओळखता येतात, असा सिद्धान्त मांडला. १८८५ साली राफाएले गारोफालो यांच्या ग्रंथनामातून या शास्त्राचे नाव रूढ झाले. पुढील संशोधनात लोंब्रोसोंचा सिद्धान्त टिकला नाही. एडविन सदरलँड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९३९ साली ‘पांढरपेशा गुन्हेगारी’ ही संकल्पना मांडून, प्रतिष्ठित व सधन व्यक्तींचे गुन्हे अभ्यासाबाहेर राहतात याकडे लक्ष वेधले.

भारतीय संदर्भ : गुन्हेगार जमाती कायदा

जन्मावरून गुन्हेगारी ठरवण्याची कल्पना भारतात केवळ ग्रंथांपुरती राहिली नाही. लोंब्रोसोंच्या ग्रंथापूर्वी पाच वर्षे, १८७१ साली, ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा संमत केला. प्रारंभी उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा १९११ च्या अधिनियमाने ब्रिटिश हिंदुस्थानभर लागू करता येऊ लागला. अधिसूचित जमातीत जन्मलेल्या व्यक्तीची, तिने कोणताही अपराध केलेला नसला तरी, नोंद करता येई. तिला ठरावीक वेळी हजेरी द्यावी लागे व परवानगीविना गाव सोडता येत नसे. अनेक कुटुंबांना तारेच्या कुंपणातील वसाहतींत ठेवण्यात आले. सोलापूरची ‘सेटलमेंट’ हे महाराष्ट्रातील याचे परिचित उदाहरण होय.

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला व या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या; तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्राच्या यादीत १४ विमुक्त जातींचा समावेश आहे. कायदा गेला तरी संशय गेला नाही. चोरी झाली की प्रथम पारध्यांच्या पालावर जाण्याची रीत पुढेही चालू राहिल्याच्या तक्रारी होत राहिल्या. लातूर जिल्ह्यातील लेखक लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनात या अनुभवाचे चित्रण असून त्यास १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात, तुरुंगांतील जातनिहाय कामवाटप आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजणाऱ्या तुरुंग नियमावलींतील तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या.

भारतातील गुन्हेगारीशास्त्राच्या शिक्षणात हा इतिहास मध्यवर्ती ठरतो. एखाद्या समूहाच्या नावे अधिक गुन्हे नोंदले गेले, तर त्या समूहात गुन्हे अधिक घडतात की त्याच्यावर पाळत अधिक ठेवली जाते, हा प्रश्न विचारण्याची सवय लावणे हे या अभ्यासाचे एक प्रमुख प्रयोजन आहे.

आकडेवारीचे वाचन

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग (स्थापना १९८६) देशातील गुन्हे व तुरुंग यांविषयी वार्षिक अहवाल प्रसिद्ध करतो. गुन्ह्यांविषयीच्या अहवालाची मालिका १९५३ पासूनची आहे. हे आकडे नोंदवलेल्या गुन्ह्यांचे असतात, घडलेल्या सर्व गुन्ह्यांचे नव्हे. एकाच प्रथम खबरीत अनेक अपराध असल्यास त्यांपैकी सर्वांत गंभीर अपराधाचीच गणना होते. त्यामुळे घरगुती हिंसाचाराच्या नोंदी वाढल्या, तर हिंसाचार वाढला असेल किंवा तक्रार करण्याचे धैर्य वाढले असेल. केवळ आकड्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

तुरुंगविषयक अहवालानुसार २०२२ अखेर देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे सुमारे ७६ टक्के, कच्चे कैदी होते. त्यांचा अपराध अद्याप सिद्ध व्हावयाचा होता.

न्यायव्यवस्थेची साखळी : परभणी जिल्ह्याचे उदाहरण

फौजदारी न्यायाची साखळी प्रत्यक्षात कशी चालते, हे एका कल्पित उदाहरणावरून समजून घेता येते. येलदरी हे जिंतूर तालुक्यातील गाव पूर्णा नदीवरील धरण व जलविद्युत केंद्रासाठी प्रसिद्ध आहे. तेथील एखाद्या शेतातून पाण्याचा विद्युतपंप चोरीस गेला, असे समजू. शेतकरी स्थानिक पोलीस ठाण्यात प्रथम खबर देतो. येलदरी हिंगोली जिल्ह्याच्या सीमेजवळ असल्याने घटना नेमकी कोणत्या हद्दीत घडली, असा प्रश्न उद्भवू शकतो. तथापि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार हद्दीच्या कारणावरून दखलपात्र गुन्ह्याची खबर नाकारता येत नाही.

पोलीस पंचनामा करतात व जबाब घेतात. अटक केलेल्या व्यक्तीस २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते. चोरीच्या अपराधास भारतीय न्याय संहितेत तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आरोपी कोठडीत असताना ६० दिवसांत दोषारोपपत्र सादर झाले नाही, तर त्याला जामिनाचा हक्क प्राप्त होतो. पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ, म्हणजे येथे एक वर्ष, तुरुंगात घालवला असल्यास, त्याच्यावर अन्य प्रकरणे प्रलंबित नसताना, त्याची बंधपत्रावर मुक्तता करण्याची तरतूद आहे. चोरीचा माल पाच हजार रुपयांहून कमी किमतीचा असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरला असेल व त्याने माल वा त्याचे मूल्य परत केले असेल, तर तुरुंगवासाऐवजी समाजसेवेची शिक्षा दिली जाते.

प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या निकालावर सत्र न्यायालयात अपील होते. जिल्हा व सत्र न्यायालय परभणी येथे आहे. त्यापुढील टप्पा मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ (छत्रपती संभाजीनगर) हा होय. आरोपी १८ वर्षांखालील असल्यास प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते. वकील करण्याची ऐपत नसलेल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील पुरवते. सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या अपराधांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी भेट देणे नव्या संहितेने बंधनकारक केले असून, राज्यांना ही तरतूद टप्प्याटप्प्याने पाच वर्षांत अमलात आणण्याची मुभा आहे.

गुन्हेगारीशास्त्राचा विद्यार्थी या साखळीतील प्रत्येक टप्प्यावर प्रश्न उभा करतो. पंप चोरीस गेलेला शेतकरी तक्रार द्यायला जातो का? संशय प्रथम कोणावर येतो? जामीन मंजूर झाल्यावर जामीनदार कोणाला मिळतो व कोणाला मिळत नाही? जामीनदाराअभावी तुरुंगात राहिलेल्या माणसाच्या घरचे पुढे काय होते? कायद्याच्या विद्यार्थ्याला कलम ठाऊक असते. त्या कलमाचा माणसांवर होणारा परिणाम तपासणे हे या शास्त्राचे काम आहे.

शिक्षणाच्या सोयी

सागर (मध्य प्रदेश) येथील विद्यापीठात १९५९ साली गुन्हेगारीशास्त्र व न्यायसहायक विज्ञान विभाग सुरू झाला. देशातील सर्वांत जुन्या विभागांपैकी तो एक आहे. कर्नाटकात, विशेषतः धारवाड व मंगळूर येथे, पदवी स्तरावर हा विषय शिकवण्याची परंपरा आहे. २०२० साली संसदेच्या कायद्यांनी राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ व राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ स्थापन झाले. दोन्हींचे मुख्यालय गुजरातेत गांधीनगर परिसरात आहे.

महाराष्ट्रात या विषयाची सर्वांत जुनी परंपरा मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत (स्थापना १९३६) असून तेथील गुन्हेगारीशास्त्र व सुधार प्रशासनाचे शिक्षण पदव्युत्तर स्तरावरील आहे. कच्चे कैदी व सुटलेले बंदी यांच्यासाठी काम करणारा ‘प्रयास’ हा प्रकल्प याच संस्थेने १९९० साली सुरू केला. मराठवाड्यातील विद्यार्थ्याला जवळचे पर्याय म्हणजे छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था (विज्ञान शाखेसाठी), तेथीलच महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ (पाच वर्षांचा कायदा अभ्यासक्रम) आणि टाटा संस्थेचे तुळजापूर केंद्र. यांशिवाय कोणत्याही महाविद्यालयातून समाजशास्त्र, मानसशास्त्र वा समाजकार्य या विषयांत पदवी घेऊन पुढे गुन्हेगारीशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेण्याचा मार्ग खुला राहतो.

व्यवसायाच्या संधी

या पदवीमुळे कोणत्याही शासकीय पदावर आपोआप हक्क निर्माण होत नाही. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या पोलीस उपनिरीक्षक परीक्षेस कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो आणि पोलीस शिपाई पदासाठी बारावी उत्तीर्ण असणे पुरेसे असते. वकील वा सरकारी अभियोक्ता होण्यास कायद्याची पदवी, तर प्रयोगशाळेतील पदांसाठी विज्ञान शाखेची पदवी लागते. परिवीक्षा, बाल संरक्षण, कारागृहातील कल्याणकारी सेवा, पीडितांना साहाय्य, विधी सेवा व संशोधन या क्षेत्रांत गुन्हेगारीशास्त्राचे ज्ञान थेट उपयोगी पडते. यांतील अनेक पदांसाठी समाजकार्य वा संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी मागितली जाते, म्हणून जाहिरातीतील पात्रता मूळ स्वरूपात तपासणे आवश्यक ठरते.

भाषेचा प्रश्न

या विषयाची पाठ्यपुस्तके बहुतांशी इंग्रजीत असून त्यांतील सिद्धान्त मुख्यतः युरोप-अमेरिकेतील शहरांच्या अभ्यासातून आलेले आहेत. याउलट तालुक्याच्या पोलीस ठाण्यातील खबर, जबाब व पंचनामे मराठीत असतात. साक्षीदार तर आपल्या बोलीत बोलतो. मराठवाडी बोलीतील कथन कागदावर प्रमाण मराठीत उतरताना आणि वरिष्ठ न्यायालयासाठी इंग्रजीत अनुवादित होताना अर्थात फरक पडू शकतो. त्यामुळे मूळ कागदपत्रे वाचता येणाऱ्या आणि बोलीतील छटा ओळखणाऱ्या अभ्यासकाची या क्षेत्रातील संशोधनास विशेष आवश्यकता असते.