घरच्या माणसाचीही कंबर मोजू या



गटाच्या बैठकीत आपण लेकरांच्या लशीचं बोलतो, गरोदर बाईच्या लोहाच्या गोळ्यांचं बोलतो. घरच्या पुरुषाच्या तब्येतीचा विषय सहसा निघत नाही. रानात राबतात, कापसाची गाठोडी उचलतात, त्यांना काय होणार, असं सगळ्यांनाच वाटतं.

पण राबणं वेगळं आणि निरोगी असणं वेगळं. आता नांगरट ट्रॅक्टरनं होते, रानात जाणं मोटारसायकलवर. वेचणी सरली की उन्हाळाभर पारावर बसणं, चहा आणि तंबाखू. चाळिशीनंतर पोट सुटतं, ते याच्यातूनच.

बीपी आणि शुगर सुरुवातीला बहुधा दुखत नाही, म्हणून कळत नाही. कळतं तेव्हा कधी कधी तोंड वाकडं झालेलं असतं, हात उचलत नाही. कर्ता माणूस खाटेवर, मजुरी बंद, आणि दवाखान्याचं कर्ज आपल्या डोक्यावर. म्हणून आधीच मोजायचं.

शिवणकामाचा टेप घ्या. श्वास सोडल्यावर बेंबीच्या जवळून कंबर मोजा. पुरुषाची 90 सेंटिमीटरच्या आत, बाईची 80 च्या आत असावी.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकासाठी आशाताईंकडे एक फॉर्म असतो. वय, तंबाखू, दारू, कंबर, व्यायाम आणि घराण्यातला आजार यांना त्यात गुण असतात. समजा वय 45, त्याचे 2; रोज तंबाखू, त्याचे 2; कंबर 95, त्याचा 1. झाले 5. बेरीज चारच्या वर गेली की तपासणीला उशीर करायचा नाही. कमी आली तरी बीपी-शुगर तपासायचीच. ती उपकेंद्रात होते. पुढं गरज पडली तर गोकुंद्याचं उपजिल्हा रुग्णालय आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत.

बीपी 140/90 किंवा त्याच्या वर पुन्हा पुन्हा आलं, तर डॉक्टर गोळी सुरू करतात. "बरं वाटतंय" म्हणून माणसं ती मध्येच सोडतात. बरं वाटतं ते गोळीमुळंच. डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू देऊ नका.

बाकीचं घरातच आहे. दिवसभराचं मीठ माणशी एका छोट्या चमच्याच्या आत. लोणचं, पापड, खारे शेंगदाणे त्यातच धरायचे. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास झपझप चालणं. आणि तंबाखूची पुडी बंद.

"तुम्ही तपासून या" म्हटलं की पुरुष चिडतात. "चला, दोघंही तपासून येऊ" म्हटलं की बहुतेक उठतात. आपलीही तपासणी त्यात होऊन जाते, आणि ती तर आपण कायम पुढं ढकलतो.

पुढच्या बैठकीला हप्त्याच्या वहीसोबत टेपही आणा. मागच्या पानावर दोघांच्या कमरेचा आणि बीपीचा आकडा लिहू. तीन महिन्यांनी पुन्हा लिहू. हप्ता चुकू देत नाही, तशी ही नोंदही चुकू द्यायची नाही.