भूतकाळ, इंग्रजीतील साधा

साहाय्यक क्रियापदाची मदत न घेता भूतकालीन घटना दर्शविणारे इंग्रजी क्रियापदाचे एकपदी रूप. रूपविचाराच्या दृष्टीने इंग्रजीत वर्तमान व भूत असे दोनच काळ आहेत. भविष्यकाळासाठी स्वतंत्र प्रत्यय नसून तो ‘विल’, ‘शॅल’ यांसारख्या साहाय्यक क्रियापदांनी सूचित होतो. साध्या भूतकाळाचे रूप कर्त्याचा पुरुष, वचन वा लिंग यांनुसार बदलत नाही. वर्तमानकाळात तृतीय पुरुषी एकवचनाला लागणारा ‘-स’ हा प्रत्ययही येथे गळतो. अपवाद फक्त ‘असणे’ या अर्थाच्या क्रियापदाचा. त्याची ‘वॉज’ व ‘वेअर’ अशी दोन रूपे होतात. मराठीशी तुलना करता हा भेद मोठा आहे. ‘रामाने आंबा खाल्ला’, ‘रामाने पोळी खाल्ली’ या वाक्यांत क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे चालते, कारण मराठी भूतकाळ हा संस्कृतातील कर्मणी भूतकालवाचक धातुसाधितांपासून आला आहे. इंग्रजी भूतकाळाचे मूळ वेगळे आहे.

बहुसंख्य क्रियापदांना ‘ई’ व ‘डी’ या अक्षरांनी लिहिला जाणारा प्रत्यय लागतो. लेखनात तो एक असला, तरी उच्चारात तीन प्रकारचा आहे. धातूच्या अंती अघोष व्यंजन असल्यास ‘ट्’ (‘वॉक’–‘वॉक्ट’), घोष व्यंजन किंवा स्वर असल्यास ‘ड्’ (‘बेग’–‘बेग्ड’, ‘प्ले’–‘प्लेड’) आणि मुळातच ‘ट्’ वा ‘ड्’ असल्यास ‘इड्’ (‘वाँट’–‘वाँटिड’). आधीच्या ध्वनीशी प्रत्ययाने जुळवून घेण्याची ही प्रवृत्ती संस्कृतज्ञाला परकी वाटू नये. ‘बुध्’ला ‘त’ लागून ‘बुद्ध’ होते, तेही अशाच कारणाने. आपल्याकडे इंग्रजी प्रामुख्याने पुस्तकातून शिकले जात असल्यामुळे ‘वॉकेड’ असा लेखनानुसारी उच्चार वरचेवर ऐकू येतो. एके काळी इंग्लंडातही हा प्रत्यय स्वतंत्र अवयव म्हणून उच्चारला जात असे. त्यातील स्वर गाळण्याच्या प्रथेविरुद्ध जॉनाथन स्विफ्ट याने १७१२ मध्ये इंग्रजीच्या सुधारणेसंबंधीच्या आपल्या पुस्तिकेत कडक तक्रार केली होती. ती तक्रार भाषेने मानली नाही.

उरलेली सु. दोनशे क्रियापदे शालेय व्याकरणांत ‘अनियमित’ या सदरात पडतात व विद्यार्थ्यांना त्यांचे तक्ते पाठ करावे लागतात. हे नाव दिशाभूल करणारे आहे. त्यांतील अनेक क्रियापदे एका अतिप्राचीन नियमाचे अवशेष आहेत. याकोप ग्रिम या जर्मन भाषापंडिताने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी जर्मानिक भाषांतील क्रियापदांचे ‘सबल’ व ‘दुर्बल’ असे दोन वर्ग केले. सबल क्रियापदे धातूतील स्वर पालटून भूतकाळ साधतात (‘सिंग’–‘सँग’). दुर्बलांना दंत्य प्रत्ययाचा आधार लागतो. सबल रूपे इंडो-यूरोपीय पूर्णभूताची वंशज आहेत. त्यामुळे इंग्रजी ‘बाइंड’ (बांधणे) व ‘सिट’ (बसणे) यांची भूतरूपे ही संस्कृत परोक्षभूतातील ‘बबन्ध’ व ‘ससाद’ यांची दूरची भावंडे ठरतात. जर्मानिकमध्ये अभ्यास म्हणजे धातूचे द्वित्व बहुतेक ठिकाणी नाहीसे झाले आणि स्वरभेदच काय तो उरला. दुर्बलांचा दंत्य प्रत्यय मात्र जर्मानिक शाखेत नव्याने घडला. ‘करणे’ या अर्थाच्या व संस्कृत ‘धा’शी सगोत्र असलेल्या धातूच्या भूतरूपापासून तो आला असावा, असे बरेच अभ्यासक मानतात. चौथ्या शतकातील गॉथिक बायबलमध्ये आढळणारी दीर्घ अनेकवचनी रूपे या मताला पुष्टी देतात, तरी त्याविषयी वाद आहे.

प्राचीन इंग्रजीत सबल क्रियापदांचे सात गण होते व त्यांची एकूण संख्या तीनशेहून अधिक होती. एकवचनी व अनेकवचनी भूतरूपांत स्वर वेगळा असे. पुढे हा भेद मोडला. ‘सँग’मध्ये एकवचनाचा स्वर टिकला, तर ‘बाउंड’मध्ये अनेकवचनाचा व धातुसाधिताचा. ‘वॉज’ व ‘वेअर’ ही जोडी त्या भेदाची शेवटची खूण असून, तीतील ‘स–र’ पालटाचे स्पष्टीकरण डॅनिश भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्हेर्नर (१८४६–९६) याच्या ध्वनिनियमाने होते. अनियमित म्हणविणाऱ्या सर्वच क्रियापदांचा उगम सबल गणांत नाही. ‘कीप’–‘केप्ट’ हे दुर्बल क्रियापद असून जोडाक्षरापूर्वीचा स्वर ऱ्हस्व झाल्याने वेगळे दिसते. ‘कट’, ‘पुट’ यांच्या अंत्य ‘ट्’मध्ये प्रत्यय मिसळून गेला. ‘गो’ (जाणे) याचे ‘वेंट’ हे रूप तर ‘वेंड’ या दुसऱ्याच क्रियापदाकडून उसने घेतलेले आहे. मराठीत ‘जा’चे ‘गेला’ होते तेही ‘या’ व ‘गम्’ अशा दोन संस्कृत धातूंच्या मिश्रणाने, हा योगायोग लक्षणीय आहे.

नियमित वर्गाकडे ओढ कायम असली, तरी ती एकमार्गी नाही. ‘हेल्प’, ‘क्लाइंब’ ही मूळची सबल क्रियापदे नियमित झाली. उलट ‘डिग’ (खणणे) याचे १६११ च्या बायबल-भाषांतरातील नियमित रूप जाऊन ‘डग’ रूढ झाले आणि फ्रेंचमधून आलेल्या ‘कॅच’ने ‘कॉट’ हे रूप धारण केले. वारंवार वापरली जाणारी क्रियापदे आपले जुने रूप अधिक काळ राखतात. एरेझ लीबरमन व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्राचीन इंग्रजीतील १७७ अनियमित क्रियापदांपैकी ९८ आजही अनियमित असल्याचे दाखविले आहे. जीन बर्को यांनी १९५८ च्या आपल्या शोधनिबंधात लहान मुलांना ‘रिक’ यासारखी निरर्थक क्रियापदे देऊन त्यांची भूतरूपे विचारली, तेव्हा बहुतेकांनी ती कधीही न ऐकताही नियमाने बनविली. मुले ‘गो’पासून ‘गोड’ असे रूप करतात, तेही नियम आत्मसात झाल्यामुळेच. असा नियम मनात खरोखर असतो, की केवळ साम्यांचे जाळे असते, यावर डेव्हिड रूमेलहार्ट व जेम्स मॅक्लेलंड यांच्या १९८६ च्या संगणकीय प्रतिमानानंतर मोठा वाद झाला. स्टीव्हन पिंकर व ॲलन प्रिन्स यांनी १९८८ मध्ये नियमाची बाजू मांडली.

नकारार्थी व प्रश्नार्थी वाक्यांत भूतकाळाचा भार ‘डिड’ हे साहाय्यक क्रियापद वाहते व मुख्य क्रियापद मूळ रूपात राहते. शेक्सपिअरच्या नाटकांत ‘डिड’सह व ‘डिड’विना अशा दोन्ही रचना आढळतात, आजची व्यवस्था त्यानंतर स्थिरावली. काळ एकदाच दर्शवावयाचा, हे तिचे तत्त्व होय. मराठीत ‘तो गेला नाही’ असे म्हणताना ‘गेला’ हे भूतरूप कायम राहते. ‘ही डिड नॉट वेंट’ ही मराठी भाषकांची सर्वपरिचित चूक येथूनच उद्‌भवते. तिला निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

उपयोगाच्या दृष्टीने साधा भूतकाळ वर्तमानाशी संबंध तुटलेल्या, बहुधा निश्चित कालखंडातील घटनेसाठी येतो. ‘काल’, ‘१९४७ मध्ये’ अशी कालनिश्चिती असल्यास ब्रिटिश व अमेरिकन या दोन्ही प्रमाण इंग्रजींत पूर्ण वर्तमानकाळ सहसा चालत नाही. ‘नुकतेच’ अशा अर्थाच्या शब्दांसोबत मात्र अमेरिकन वापर साध्या भूतकाळाकडे झुकतो. गतकालीन सवयही याच रूपाने सांगता येते, त्यासाठी मराठीतल्या ‘जात असे’सारखे वेगळे रूप आवश्यक नाही. ‘मी काल पुण्याला गेलो होतो’ या वाक्यात मराठी भाषकास जाऊन परत आल्याची जाणीव अभिप्रेत असते. इंग्रजीत तेथे ‘आय वेंट’ एवढेच पुरे. भारतीय इंग्रजीत अशा जागी पूर्ण भूतकाळ सर्रास योजला जातो. परंतु प्रमाण इंग्रजीत पूर्ण भूतकाळ भूतकाळातील दुसऱ्या एखाद्या क्षणाच्याही आधीची घटना दाखवितो, त्यामुळे ऐकणारा त्या दुसऱ्या घटनेची वाट पाहत राहतो.

या रूपाचा अर्थ नेहमीच कालवाचक नसतो. ‘इफ’ने आरंभ होणाऱ्या उपवाक्यात ते अवास्तव कल्पना दर्शविते आणि विनंतीत आदरपूर्वक अंतर राखते. ‘पाऊस आला तर’ या शक्यतादर्शक मराठी रचनेत भूतरूप असते, पण इंग्रजीत तेथे वर्तमानकाळ योजावा लागतो. भूतरूप योजल्यास पाऊस येण्याची आशा फारशी नाही, असा अर्थ निघतो. ‘मी आलोच’ हे मराठी आश्वासनही इंग्रजी भूतकाळात सांगता येत नाही. अप्रत्यक्ष कथनात मात्र इंग्रजी भूतरूपाचा आग्रह धरते. ‘तो म्हणाला, की आपण आजारी आहोत’ याच्या इंग्रजी रूपांतरात ‘आहोत’च्या जागी सामान्यतः ‘वॉज’ येते, मग म्हणणाऱ्याचा आजार अद्याप बरा झालेला असो वा नसो.