‘पेशा: काश्तकारी’ वाचताना

मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायला २०२३ मध्ये शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात घरोघरच्या ट्रंका उघडल्या. जातीच्या रकान्याचा वाद त्याच्या जागी. जुन्या कागदांवर ‘पेशा’ नावाचाही एक रकाना असतो, आणि तो मात्र जो तो आपल्या सोयीनं वाचतो.

छत्रपती संभाजीनगरात ओळखीच्या एका घरी असाच एक उतारा पाहिला. गावच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा, उर्दूतला, खाली मराठी भाषांतर. आजोबा शाळेत गेले तेव्हाचा, सन १३५५ फसली. वडिलांचा पेशा: काश्तकारी. नातू खूश. ‘म्हणजे आपण जमीनवाले होतो की!’ आजी लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, ‘कशाचे जमीनवाले? माझे सासरे पाटलाकडं सालगडी होते.’

आजीचं बरोबर होतं. काश्तकारी म्हणजे जमीन कसणं. ती कोणाची, हे त्या शब्दात येत नाही. स्वतःची जमीन कसणारा पट्टेदार, दुसऱ्याच्या जमिनीवरचं कूळ, बटईनं करणारा, पाडव्यापासून पाडव्यापर्यंत बांधलेला सालगडी, हे सगळे त्या एका शब्दात मावायचे. त्याच पानावर दोन ओळी वर माली पाटलाचा, म्हणजे गावचा शेतसारा वसूल करणाऱ्या पाटलाचा मुलगा होता. त्याच्या वडिलांचा पेशाही काश्तकारीच. धनी आणि गडी एका पानावर, एका शब्दात.

१९५१ च्या जनगणनेनं हा गोंधळ ओळखला होता. तिच्यात उपजीविकेचे आठ वर्ग केले आणि त्यातले चार एकट्या शेतीला दिले: स्वतःची जमीन कसणारे, दुसऱ्याची कसणारे, शेतमजूर, आणि स्वतः न कसता खंड खाणारे. इंग्लंडात १८५१ च्या जनगणनेतच शेतकऱ्याला विचारलं होतं की एकर किती आणि गडी किती. आपल्या शाळामास्तरांना कोणी तसं विचारायला सांगितलं नव्हतं, त्यांना दोष कशाला द्यायचा?

आणि १३५५ फसली हा हिजरी सन नव्हे, अनेकजण तसं समजत असले तरी. फसली सनात ५९० मिळवा: १९४५-४६. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि तिथं हे वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून सुरू व्हायचं. त्या काळच्या कागदांत पगार-मजुरीचे आकडे दिसले तर ते बहुधा हाली, म्हणजे संस्थानच्या स्वतःच्या रुपयांत असतात. सात हाली म्हणजे सहा इंग्रजी रुपये. शेजारच्या, इंग्रजी अमलातल्या खानदेशातल्या मजुरीशी थेट तुलना केली की फसगत होते.

दुसरा गैरसमज जरा विषारी आहे: निजामाच्या राज्यात मुसलमान म्हणजे जहागीरदार आणि हिंदू म्हणजे रयत. जहागीर हा मुळात सारा वसूल करण्याचा हक्क. तो हिंदू घराण्यांकडेही होता आणि १९४९ मध्ये सगळ्यांचाच गेला. दौलताबाद-खुलताबादच्या वाटेवर कागजीपुऱ्यात हातानं कागद करणारी मुसलमान कुटुंबं होती, ती कुठले जहागीरदार? शहरातले हिमरू विणकर घ्या. हिमरू म्हणजे सूत आणि रेशीम. जुन्या मागावर एक माणूस खाली धोटा फेकायचा आणि एक पोरगा वर बसून नक्षीच्या दोऱ्या ओढायचा. सूत-रेशीम पुरवणारा कारखानदार तिसराच. पेशा विचारला तर तिघांचाही ‘विणकाम’ लिहिला जाऊ शकतो. रेशीम कोणाच्या पैशाचं, यावर तिघांची पायरी ठरायची.

‘वाळूजच्या औद्योगिक वसाहतीआधी इथं कारखाना कुठं होता?’ हे तर शहरात शिकलेली माणसंही विचारतात. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सूतगिरणी १८८९ मध्ये उभी राहिली, सुमारे सातशे माणसं तिथं कामाला होती. १९०० मध्ये गोदावरी खोऱ्याची रेल्वे आली आणि जिनिंग वाढलं. १९०१ मध्ये जिल्ह्यातल्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये १,०१६ कामगार होते. एकट्या जालन्यात नऊ जिनिंग आणि पाच प्रेस. हो, जालना तेव्हा याच जिल्ह्यात होतं, १ मे १९८१ पर्यंत. जिल्ह्याचे जुने आकडे आजच्या नकाशावर बसवू नका.

राहिला बायकांचा प्रश्न. घराची पायरी बाप्याच्या धंद्यावरून ठरवायची चाल सगळीकडचीच. इंग्लंडच्या जनगणनेतही नवऱ्याच्या कामावरून बायकोचा वर्ग धरत. १९५१ ला आपल्याकडं ‘कमावते आश्रित’ असा वर्ग होता: कमाई आहे, पण स्वतःचं पोट भरेल एवढी नाही. खुरपणाला आणि कापूस वेचायला जाणाऱ्या कितीतरी बायका त्यात गेल्या. आजीच्या सासूबाईही गेल्या असतील; शाळेच्या रजिस्टरात मात्र आईच्या पेशाला रकानाच नाही.

नातवाला खात्री करायची असेल तर शाळेचा उतारा सोडून खासरा पत्रक काढावं लागेल, १९५४ चं. त्यात पट्टेदार वेगळा आणि प्रत्यक्ष कसणारा वेगळा दिसतो. त्यानं अर्ज केलाय म्हणे. आजीला विचारलं, पत्रकात काय निघेल? ती म्हणाली, ‘पाटलाचं नाव. आमचं नाव लिहायला आम्ही कूळ तरी कुठं होतो?’