विहिरीत मोरचूद टाकण्याआधी

परवा रात्री दवाखाना आवरत असताना आमचे एक जुने पेशंट, शेजारच्या गावचे बागायतदार, बाटलीभर पाणी घेऊन आले. पाणी कसले, वाटलेल्या कोथिंबिरीचा पातळ रसच म्हणा. "विहिरीचं आहे. वासही मारतंय. पाच घरं पितात हे पाणी. द्राक्षबागेचा मोरचूद घरात पडलाय, किती टाकू तेवढं सांगा," असा त्यांचा सरळ सवाल. मी म्हटले, "चिमूटभरही टाकू नका." ते माझ्याकडे बघतच राहिले. "अहो, पण आमच्या वडिलांना तुम्हीच तर टाका म्हणाला होता!"

त्यांची आठवण खरी होती. १९९७ सालची गोष्ट. मी नुकताच दवाखाना थाटला होता आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलेच पाहिजे असे वाटण्याचे ते वय होते. मी खुशाल "टाका थोडा" म्हणून सांगितले होते. त्या वेळी कोणाला काही झाले नाही. ते माझे नशीब, माझे शहाणपण नव्हे. म्हणून या आठवड्यात मधुमेह, रक्तदाब बाजूला ठेवून हा विषय घेतो.

शेवाळ म्हणून आपण जे एका शब्दात उरकतो त्यात निरनिराळ्या जाती असतात. त्यांतले 'निळे-हिरवे शेवाळ' हे मुळात शेवाळ नाहीच. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारे जिवाणू आहेत. शास्त्रज्ञ त्यांना सायनोबॅक्टेरिया म्हणतात. ते सगळेच वाईट असे मात्र नाही. भाताच्या खाचरात हवेतला नत्र धरून ठेवणारे तेच, आणि औषधाच्या दुकानात हिरव्या गोळ्यांच्या रूपाने विकली जाणारी स्पिरुलिना हीही त्यांच्याच कुळातली. मात्र काही जाती यकृताला किंवा मज्जासंस्थेला घातक अशी विषे तयार करतात. बाटलीतले पाणी नुसते डोळ्यांनी पाहून ते साधे शेवाळ की विषारी जिवाणू, हे मला सांगता येत नाही. तुम्हालाही येणार नाही.

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. पाणीपुरवठ्यातले शेवाळ मारण्यासाठी तो वापरावा ही शिफारस अमेरिकेच्या शेतीखात्यातील मूर आणि केलरमन या दोघांनी १९०४ साली केली आणि पुढे ती जगभर पसरली. उपाय स्वस्त, आणि परिणाम डोळ्यांदेखत दिसणारा. तांबे या जिवाणूंना मारते कसे, हे समजले की पुढचा धोका आपोआप कळतो.

गंमत अशी, की तांबे त्यांना हवेही असते. प्रकाशापासून अन्न तयार करण्याच्या त्यांच्या यंत्रणेत तांबे असलेले एक प्रथिन काम करते. पण लागते ते कणभर. त्याहून जास्त तांबे पेशीत शिरले की ते नको तिथे जाऊन चिकटते, इतर धातूंच्या जागा बळकावते आणि पेशीचे पापुद्रे जाळणारी द्रव्ये तयार होतात. जिवाणू मुकाट्याने मरत नाही. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर बराचसा धातू बाहेरच अडकवून ठेवतो. आत आलेल्या तांब्याला एक छोटे प्रथिन हाताला धरून नेमक्या जागी पोचवते, वाटेत भटकू देत नाही. जादा तांबे बाहेर फेकणारे पंप असतात. शिवाय धातूंना गच्च धरून ठेवणारे मेटॅलोथायोनिन नावाचे प्रथिनही काही जातींत असते. सिनेकोकोकस नावाच्या जिवाणूतून त्याचे जनुक काढून टाकल्यावर त्या जिवाणूला जस्त पूर्वीइतके सोसेना. याच जिवाणूला कॅडमियमची सवय लावत नेली, तेव्हा या जनुकाला लगाम घालणारे दुसरे जनुकच तुटल्याचे आढळले. लगाम सुटला, प्रथिन मुबलक झाले आणि जिवाणू निर्ढावला. अर्धवट अँटिबायोटिक घेतल्याने पुढे काय होते हे मी इतक्यांदा सांगितले आहे, की वाचकांना इथे वेगळे सांगायला नको. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात फेअरमाँटच्या तलावांत ५८ वर्षे मोरचूद टाकला गेला. त्याचा आढावा १९८४ साली प्रसिद्ध झाला. गाळात तांबे साठले होते, आणि काही जातींना तांबे सोसण्याची सवय झाली होती.

पण मला खरी भीती सवय झालेल्या जिवाणूची नाही, मेलेल्या जिवाणूची आहे.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात टाउन्सव्हिल शहराजवळ पाम आयलंड नावाचे बेट आहे. वस्ती बहुतांशी तिथल्या मूळ रहिवाशांची. पिण्याचे पाणी सॉलोमन धरणातून येई. १९७९ च्या नोव्हेंबरात धरणाचे पाणी शेवाळले, चव आणि वास यांच्या तक्रारी आल्या, म्हणून त्यात कॉपर सल्फेट टाकण्यात आले. त्यानंतर काही दिवसांतच मुले आजारी पडू लागली. उलट्या, डोकेदुखी, पोटदुखी, हाताला लागणारे वाढलेले यकृत. मग मूत्रपिंडांवर परिणाम होऊन लघवीतून साखर, प्रथिने आणि क्षार जाऊ लागले, पुढे काहींना रक्ताचे जुलाब झाले. १३८ मुले आणि १० मोठी माणसे आजारी पडली. अनेकांना सलाईन लावावे लागले. सुदैवाने कोणी दगावले नाही. डॉक्टरांना कारण सापडेना, म्हणून 'पाम आयलंडचा गूढ आजार' हेच त्याचे नाव पडले.

उलगडा व्हायला काही वर्षे लागली. आजारी पडलेले सगळे सॉलोमन धरणाचेच पाणी वापरणारे होते. त्या धरणातल्या एका सायनोबॅक्टेरियाचा अर्क उंदरांना टोचल्यावर त्यांच्या यकृताची नासाडी झाली. १९९२ साली त्या विषाची रासायनिक रचना समजली आणि जिवाणूच्या नावावरूनच त्याचे सिलिंड्रोस्पर्मॉप्सिन असे नाव ठेवले गेले. जिवाणू जिवंत असतो तेव्हा विषाचा बराच भाग पेशीच्या आत असतो. मोरचुदाने पेशी फुटल्या आणि तो सगळा एकदम पाण्यात मोकळा झाला. पाणी दिसायला मात्र स्वच्छ झाले असणार! हा दोष विषाचा नव्हे, तर तांब्याचाच असावा, असे मत १९८७ साली एका जाणकाराने मांडले होते. बहुतेक तज्ज्ञ आज जिवाणूच्या विषालाच जबाबदार धरतात. माझ्या दृष्टीने दोन्हींपैकी काहीही खरे असले तरी मोरचुदाचे समर्थन होत नाही.

तांब्याविषयी आपल्याकडचाही एक धडा आहे, आणि तो फार दूरचा नाही. पूर्वी 'बालयकृतदाह' म्हणून एक आजार होता. दोन-तीन वर्षांच्या आतली मुले, पोट फुगलेले, कावीळ, आणि बहुतेक वेळा शेवट वाईट. त्या मुलांच्या यकृतात प्रचंड तांबे सापडे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडचे डॉ. टॅनर यांनी १९८३ साली लॅन्सेट या नियतकालिकात त्याचे एक संभाव्य कारण दाखवले. अगदी लहान वयात वरचे दूध सुरू करणे, आणि ते तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवणे वा ठेवणे. पुढे स्टीलची भांडी आली, जागरूकता वाढली, आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला.

आपल्या यकृतातही जादा तांबे बाहेर टाकणारा पंप असतो, आणि तो त्या डबक्यातल्या जिवाणूच्या पंपाच्याच घराण्यातला आहे. जन्मतः तो बिघडलेला असला तर विल्सनचा आजार होतो. मेटॅलोथायोनिनही आपल्या शरीरात आहे. त्याचा शोध लागला तोच मुळी घोड्याच्या मूत्रपिंडात, १९५७ साली. विल्सनच्या रुग्णांना जस्ताच्या गोळ्या देतात, कारण जस्तामुळे आतड्यात हे प्रथिन वाढते आणि अन्नातले तांबे तिथेच अडकते. तान्ह्या मुलाची ही सगळी यंत्रणा मोठ्या माणसाइतकी तयार नसते. म्हणून विहिरीत अंदाजाने टाकलेल्या मोरचुदाचा पहिला फटका कोणाला बसेल, हे सांगायला नको. (तांब्याच्या तांब्यात रात्री भरून ठेवलेले साधे पाणी मोठ्या माणसाने प्यायला माझी हरकत नाही. त्यात ताक किंवा लिंबूसरबत मात्र ठेवू नका.)

बागायतदारांनी पुढचा प्रश्न विचारला, "मग उकळून प्यायलो तर?" उकळण्याने पटकी, विषमज्वर, कावीळ यांचे जंतू मरतात. ही विषे मात्र उकळीला दाद देत नाहीत, उलट पेशी फुटून आतले विष पाण्यात उतरते. टीसीएल पावडरचे काय? हिरव्यागार पाण्यात टाकलेले बरेचसे क्लोरीन त्या शेवाळावरच खर्ची पडते, आणि पेशी त्यानेही फुटतात. आधी शेवाळ घालवावे, मग पाणी निर्जंतुक करावे, हा क्रम.

त्यांना मी सांगितले ते असे. पाणी हिरवे आहे तोवर पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी दुसरीकडून आणा. जनावरांनाही ते पाजू नका. विहीर उपसा, गाळ काढा. काठावरचे धुणे, शेणाचा उकिरडा आणि बागेतून वाहून येणारे खताचे पाणी बंद करा, कारण शेवाळ फॉस्फरस आणि नत्रावरच पोसते. शक्य असेल तर वर पत्रा किंवा जाळी टाकून ऊन अडवा. आणि एवढे करूनही कोणाला उलट्या, पोटदुखी सुरू झाली, तर डॉक्टरांना पाण्याचा रंग आणि त्यात काय टाकले होते ते आधी सांगा. मोरचूद टाकून झाला असेल तर लाजून लपवू नका. पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत हे विष दिसत नाही, त्यामुळे तुम्ही सांगितल्याशिवाय आम्हाला कळायला मार्ग नाही. त्यावर नेमका उतारा औषधात नाही, पण सलाईन वेळेवर लागले तर पुष्कळ फरक पडतो.

स्पिरुलिनाच्या गोळ्यांविषयी अनेकजण विचारतात, त्यांनाही आता कारण समजेल. हे जिवाणू धातू धरून ठेवण्यात पटाईत. ज्या पाण्यात वाढवले त्या पाण्यात शिसे, कॅडमियम, पारा असेल तर तो गोळीत येणारच. जड धातूंची तपासणी केल्याचा दाखला नसलेली स्वस्त पावडर घेऊ नये, आणि लहान मुलांना तर देऊच नये असे माझे मत आहे.

बागायतदारांच्या विहिरीचा उपसा रविवारी झाला. दोन ट्रॉल्या गाळ निघाला म्हणाले. मोरचुदाची पिशवी त्यांनी परत बागेच्या खोलीत, मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवली आहे.