तानसेकाठच्या कुंडांचा हेलियम

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. तानसा नदीकाठच्या गरम कुंडांत पाय सोडून बसलं की कुणीतरी हमखास सांगतं, "खाली ज्वालामुखी आहे!" हे तपासायला हेलियमसारखा साक्षीदार नाही. कुणाशी संयोग करत नाही, त्यामुळे जबाबही बदलत नाही.

हेलियम-३ हा बहुतांशी पृथ्वीच्या जन्मापासून प्रावरणात अडकलेला. हेलियम-४ मात्र युरेनियम-थोरियमच्या किरणोत्सर्गातून कवचात सतत तयार होतो. दोघांचं गुणोत्तर हवेच्या कित्येक पट निघालं, तर खाली प्रावरणाचा वायू आहे. अंदमानच्या बॅरन बेटासारख्या ज्वालामुखींमागे समुद्रतळाची प्लेट दुसऱ्या प्लेटखाली सरकते. ती पाणी, कार्बन, नायट्रोजन खाली नेते आणि त्यातलं बरंच उद्रेकातून परत वर येतं. हेलियम-३ मात्र मुख्यतः प्रावरणाचाच. म्हणून उसना माल कुठला आणि घरचा कुठला, हे वेगळं काढता येतं.

तानसेकाठी मात्र अशी सरकणारी प्लेट नाही. आयआयटी मुंबईचे डी. चंद्रशेखरम आणि त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी मध्य-पश्चिम भारतातल्या झऱ्यांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला: हेलियम कवचातला. म्हणजे पाणी भेगांतून खोल जातं, तापतं, वर येतं. मॅग्मा लागतच नाही.

जवळच्याच शहापूरच्या माहुली गडाचा बेसॉल्ट ज्वालामुखीचाच, पण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. गंमत म्हणजे त्याच दख्खन घडामोडीतल्या राजस्थानमधल्या सुरुवातीच्या खडकांत हे गुणोत्तर हवेच्या जवळपास १४ पट सापडलंय.