मुक्कामी नौकेवरील स्कूबा पर्यटन : हंगाम व स्थळनिवडीचा भौगोलिक विचार

सारांश

स्कूबा डायव्हिंगसाठी काही दिवस नौकेवरच मुक्काम करण्याचा पर्यटन-प्रकार 'लिव्हअबोर्ड' या नावाने ओळखला जातो. या सहलीचे यश नौकेवरील सोयींपेक्षा वारे, सागरी प्रवाह, भरती-ओहोटी व पाण्याचे तापमान या भौगोलिक घटकांवर अधिक अवलंबून असते. प्रस्तुत लेखात मालदीवचे उदाहरण केंद्रस्थानी ठेवून हंगाम व स्थळ यांचा परस्परसंबंध स्पष्ट केला आहे. पाणबुड्याची पात्रता आणि नौकेची सुरक्षितता हे निवडीचे अनिवार्य निकष कसे ठरतात, याचेही विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : मुक्कामी नौका, मोसमी वारे, प्लवक, दृश्यमानता, सागरी प्रवाह, सुरक्षितता.

१. प्रस्तावना

समुद्रतळाचे सौंदर्य पाहण्याची ओढ मानवाला पूर्वापार आहे. विसाव्या शतकात स्वयंपूर्ण श्वसनसाधनाचा विकास झाला आणि ही ओढ सामान्य पर्यटकाच्या आवाक्यात आली. तथापि अनेक उत्तम प्रवाळभित्ती किनाऱ्यापासून इतक्या दूर आहेत की, सकाळी निघून सायंकाळी परतणे शक्य होत नाही. मुक्कामी नौकेची कल्पना या गरजेतून रूढ झाली. अशा नौकेवर साधारणतः एक आठवडा राहून दिवसाला तीन ते चार बुड्या मारल्या जातात.

या सहलीचा खर्च मोठा असतो आणि तो बहुधा कित्येक महिने आधी भरावा लागतो. हॉटेल बदलता येते. परंतु भर समुद्रात उभ्या असलेल्या नौकेवरून हंगाम बदलता येत नाही. त्यामुळे चुकीच्या महिन्यात योग्य स्थळी जाणारा पर्यटक पैसा गमावतोच, प्रसंगी जीवही धोक्यात घालतो. म्हणूनच ही निवड आवडीनिवडीपुरती मर्यादित न ठेवता अभ्यासपूर्वक करणे आवश्यक ठरते.

२. उद्दिष्टे

१) मोसमी वाऱ्यांचा पाण्याखालील परिस्थितीवर होणारा परिणाम स्पष्ट करणे.
२) प्रमुख स्थळांच्या हंगामातील भेद व त्यामागील कारणे समजून घेणे.
३) स्थळनिवडीत पात्रता व सुरक्षितता यांचे स्थान निश्चित करणे.

३. विषय विवेचन

३.१ 'चांगला हंगाम' म्हणजे काय?

निरभ्र आकाश व शांत समुद्र म्हणजे चांगला हंगाम, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धसत्य आहे. स्वच्छ पाण्यात दूरवरचे दिसते. परंतु पाणी स्वच्छ असते, कारण त्यात प्लवक कमी असतात. मांटा व व्हेल शार्क हे महाकाय जीव प्लवकांवरच जगतात. जेथे प्लवक दाट तेथे हे जीव जमतात आणि तेथेच दृश्यमानता घटते. म्हणजेच दृश्यमानता व मोठ्या जीवांचे दर्शन या दोन अपेक्षा पुष्कळदा परस्परविरोधी असतात.

पूर्व पॅसिफिकमधील गॅलापागोस बेटे याचे ठळक उदाहरण होय. तेथे जून ते नोव्हेंबर या काळात हंबोल्ट प्रवाहाच्या प्रभावाने पाणी थंड होते आणि समुद्रही खवळलेला असतो. तरीही उत्तरेकडील डार्विन व वुल्फ या बेटांपाशी व्हेल शार्क याच काळात येतात. सोयीच्या दृष्टीने प्रतिकूल असलेला हंगाम दर्शनाच्या दृष्टीने सर्वोत्तम ठरतो. सारांश, 'केव्हा जावे?' या प्रश्नाआधी 'काय पाहावयाचे आहे?' या प्रश्नाचे उत्तर निश्चित असावे लागते.

३.२ मालदीव : मोसमी वाऱ्यांनी घडविलेला हंगाम

मालदीव हा २६ नैसर्गिक कंकणद्वीपांचा व सुमारे १,१९० बेटांचा देश आहे. कंकणद्वीपासाठी जगभर रूढ झालेला 'अॅटॉल' हा शब्द तेथील दिवेही भाषेतूनच इंग्रजीत गेला. या देशात वर्षाचे दोन भाग मानतात. साधारणतः डिसेंबर ते एप्रिल हा ईशान्य वाऱ्यांचा 'इरुवै' आणि उर्वरित काळ नैर्ऋत्य वाऱ्यांचा 'हुल्हंगु' होय. हे दोन काळ पुन्हा सुमारे १३-१४ दिवसांच्या २७ 'नकाई'मध्ये विभागलेले आहेत. नकाई म्हणजे आपली नक्षत्रेच. कोकणातील शेतकरी ज्याप्रमाणे मृग व आर्द्रा पाहून पेरणी-लावणीचा अंदाज घेतो, त्याचप्रमाणे तेथील कोळी नकाई पाहून मासेमारीचा अंदाज घेत आला आहे.

वाऱ्यांच्या या बदलाचा पाण्याखाली होणारा परिणाम समजून घेणे महत्त्वाचे आहे. ईशान्य वाऱ्यांच्या काळात प्रवाह पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. खुल्या महासागराचे स्वच्छ पाणी कंकणद्वीपाच्या पूर्वेकडील खाड्यांतून, म्हणजे 'कंडू'मधून, आतील खाजणात शिरते. खाजणात ते प्लवकांनी समृद्ध होते आणि पश्चिमेकडून बाहेर पडते. परिणामी या काळात पूर्व बाजूस पाणी निवळशंख असते व कंडूच्या मुखाशी शार्क जमतात, तर मांटा पश्चिम बाजूस आढळतात. नैर्ऋत्य वाऱ्यांच्या काळात हे चित्र नेमके उलटे होते.

बा अॅटॉलमधील हनिफारू उपसागर या प्रक्रियेचा उत्कृष्ट नमुना आहे. हा उपसागर बा अॅटॉलच्या पूर्व कडेला असून त्याचा आकार नरसाळ्यासारखा आहे. नैर्ऋत्य मोसमी काळात, विशेषतः अमावास्या व पौर्णिमेच्या उधाणात, प्लवक या नरसाळ्यात कोंडले जातात आणि त्यांवर ताव मारण्यासाठी मांटांचे थवे एकत्र येतात. बा अॅटॉलला २०११ मध्ये युनेस्कोने जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. या उपसागरात टाकी लावून बुडी मारण्यास मनाई असून केवळ स्नॉर्केलिंगला परवानगी आहे, हे पर्यटकाने आधीच जाणून घ्यावे.

म्हणून 'मालदीवला केव्हा जावे?' हा प्रश्नच अपुरा आहे. 'कोणत्या महिन्यात, कोणत्या अॅटॉलच्या कोणत्या बाजूला?' असा प्रश्न विचारला पाहिजे. जाणती नौका हंगामानुसार आपला मार्ग बदलते. बाराही महिने एकच मार्ग छापणाऱ्या माहितीपत्रकाकडे सावधपणे पाहावे.

३.३ इतर स्थळांशी तुलना

मालदीवमध्ये मार्ग बदलून वर्षभर नौका चालतात. सर्वत्र असे होत नाही. थायलंडच्या अंदमान समुद्रातील सिमिलन व सुरिन ही राष्ट्रीय उद्याने नैर्ऋत्य मोसमी काळात, म्हणजे मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, बंद असतात. येथे हंगाम हा सल्ला नसून नियम आहे.

इंडोनेशियात एकाच देशात दोन विरुद्ध हंगाम आढळतात. कोमोडोचा मुख्य काळ एप्रिल ते नोव्हेंबर, तर पापुआकडील राजा अम्पातचा ऑक्टोबर ते एप्रिल होय. त्यामुळे अनेक नौका वर्षातून दोनदा आपला मुक्काम हलवितात. कोमोडोच्या दक्षिण भागात खोलवरचे थंड पाणी वर येते, म्हणून विषुववृत्ताजवळ असूनही तेथे जाड पोशाख लागतो.

लाल समुद्रावर मोसमी पावसाचे बंधन नाही. तेथील निकष तापमान व वारा हे होत. इजिप्तच्या किनाऱ्यालगत हिवाळ्यात पाणी सुमारे २२ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते व उन्हाळ्यात २८-२९ अंशांपर्यंत चढते. उत्तरेकडील वारे जोरदार असल्याने ब्रदर्स व डीडॅलस या खुल्या समुद्रातील स्थळांचा प्रवास खडतर ठरू शकतो.

महाराष्ट्रातील पर्यटकाच्या सुट्यांशी या माहितीचा मेळ पुढीलप्रमाणे घालता येईल.

- दिवाळी : सिमिलन नुकतेच खुले झालेले असते व राजा अम्पातचा हंगाम सुरू होतो.
- नाताळ ते मार्च : मालदीवची पूर्व बाजू व सिमिलन हे उत्तम पर्याय होत.
- मे महिना : लाल समुद्र व कोमोडो अनुकूल असतात, सिमिलन मात्र मेच्या मध्याला बंद होते.

३.४ चंद्रकला व प्रवाह

महिना निश्चित झाल्यावरही तिथीचा विचार उरतो. अमावास्या व पौर्णिमेला उधाणाची भरती येते आणि प्रवाह बळावतात. अष्टमीच्या सुमारास भांग असल्याने ते मंदावतात. अनुभवी पाणबुड्यास उधाणाचा आठवडा पर्वणी वाटेल, कारण प्रवाहाबरोबर मोठे मासे येतात. नवशिक्याने मात्र भांगाचा आठवडा निवडणे श्रेयस्कर होय. किनाऱ्यावरील कोळ्यांना ज्ञात असलेले हे साधे गणित सहलीची तारीख ठरविताना सहसा विसरले जाते.

३.५ पात्रता व सुरक्षितता

प्राथमिक प्रमाणपत्रधारकास सामान्यतः १८ मीटर व प्रगत प्रमाणपत्रधारकास ३० मीटर खोलीची मर्यादा असते. मालदीवमध्ये मनोरंजनात्मक बुडीची कमाल मर्यादा ३० मीटर आहे. जोरदार प्रवाहाच्या मार्गांवर अनेक नौका प्रगत प्रमाणपत्र व सुमारे ५० बुड्यांचा अनुभव मागतात. ही अट अडवणूक नसून संरक्षण आहे. तसेच शेवटच्या बुडीनंतर विमानप्रवासापूर्वी २४ तास मोकळे ठेवावेत. शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका त्यामुळे टळतो.

नौकेची निवड हीदेखील जीवनमरणाची बाब आहे. २ सप्टेंबर २०१९ रोजी कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ बेटाजवळ नांगरलेल्या 'कन्सेप्शन' या नौकेला पहाटे आग लागून खालच्या मजल्यावर झोपलेल्या ३४ जणांचा मृत्यू झाला. रात्रीच्या गस्तीचा अभाव हा त्या दुर्घटनेच्या चौकशीतील महत्त्वाचा निष्कर्ष होता. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी इजिप्तमध्ये मार्सा आलमजवळ 'सी स्टोरी' ही नौका चाळीसहून अधिक जणांसह बुडाली. त्या दोन दिवसांसाठी उंच लाटांचा इशारा हवामान खात्याने आधीच दिलेला होता. या घटनांवरून पुढील प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते : रात्री पहारा असतो काय? झोपण्याच्या जागेतून बाहेर पडण्यास दोन स्वतंत्र वाटा आहेत काय? हवामानाचा इशारा आल्यास नौका बंदरात थांबते काय, आणि अशा वेळी पैशांची व्यवस्था काय?

३.६ बदलते हवामान

१९९८ व २०१६ मध्ये समुद्राचे तापमान वाढल्यामुळे मालदीवमधील प्रवाळांचे मोठ्या प्रमाणावर विरंजन झाले. एप्रिल २०२४ मध्ये चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा झाली. त्यामुळे जुन्या मार्गदर्शिकांतील वर्णनांवर विसंबता येत नाही. स्थळाची अलीकडची स्थिती तपासून पाहावी लागते.

आपल्या किनाऱ्याच्या दृष्टीनेही हा विषय परका नाही. तारकर्ली-मालवण परिसरात स्कूबा पर्यटन रुजले आहे आणि पावसाळ्यात ते थांबते. विजयदुर्गच्या पश्चिमेस १०० किलोमीटरहून अधिक अंतरावर समुद्रात बुडालेले आंग्रिया बँक हे प्रवाळयुक्त पठार आहे. त्याचा माथाच सुमारे २० मीटर खोल आहे. एवढ्या दूरच्या व खुल्या समुद्रातील स्थळाला हंगाम, अनुभव व सुरक्षित नौका हे तिन्ही निकष अधिकच कठोरपणे लागू होतात.

४. निष्कर्ष

१) हंगामाचा विचार संपूर्ण देशासाठी नव्हे, तर विशिष्ट किनारा व बाजू लक्षात घेऊन करावा.
२) दृश्यमानता हवी की मोठ्या जीवांचे दर्शन, हे आधी ठरविल्यास महिना आपोआप निश्चित होतो.
३) सुट्यांनुसार स्थळ निवडावे, स्थळाच्या आग्रहाखातर चुकीचा महिना स्वीकारू नये.
४) उधाण-भांगाचा विचार स्वतःच्या अनुभवाशी जोडावा.
५) नौकेच्या सुरक्षिततेविषयीचे प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारावेत. त्यांची समाधानकारक उत्तरे न मिळाल्यास सर्वोत्तम हंगाम व सर्वोत्तम स्थळही सोडून द्यावे.

समुद्र कोणाच्याही सुटीची वाट पाहत नाही. त्याचे वेळापत्रक समजून घेऊन आपले वेळापत्रक आखणे, हेच या पर्यटनाचे मूलभूत सूत्र आहे.